सावलीतली दोरी

किशोरीच्या घरात सावलीतली दोरी एकच होती, आणि ती भावेशच्या शर्टांची होती.

तसं कुणी बसून ठरवलेलं नव्हतं. कामोठ्यातल्या त्या वन-बीएचकेला पश्चिमेकडची एक गॅलरी. ग्रिलला लागून बांधलेल्या दोऱ्यांवर दुपारपासून असं ऊन यायचं की टॉवेल पापडासारखे कडक व्हायचे. आतल्या बाजूला, भिंतीलगत एक दोरी होती. तिथे ऊन नाही, पण वारा खेळता. भावेश जासईला कंटेनरच्या यार्डात सुपरवायझर. कंपनीचे गडद निळे शर्ट. लग्नानंतरच्या कुठल्यातरी उन्हाळ्यात त्यातला एक विटला, साहेब काहीतरी बोलला, आणि तेव्हापासून आतली दोरी शर्टांना लागली ती लागलीच. किशोरीनेच लावली होती. हे आठवलं की तिला स्वतःचाच राग यायचा.

आता तिला ती दोरी हवी होती. आठवड्यातून एकदाच. वेटसूट वाळत घालायला.

लाटेवर फळी घेऊन उभे राहणारे लोक अंगाला चिकटणारा रबरी, काळा पोशाख घालतात, तो वेटसूट. कामोठ्यात ब्लाउज शिवणाऱ्या, पंचेचाळिशी ओलांडलेल्या बाईच्या घरात तो कसा आला, याचं उत्तर तिच्या उजव्या खांद्यात होतं. वर्षानुवर्षं मशीनवर वाकून खांदा धरला. डॉक्टर म्हणाले, पोहा. तलावावर बायकांच्या बॅचला निशा शिकवायची. निशा उरणकडच्या कोळ्यांची पोरगी, सव्वीस-सत्तावीसची, उन्हाने रापलेली, मोठ्याने हसणारी. रविवारी ती चार-पाच बायकांना गाडीत घालून अलिबागच्या पलीकडच्या एका किनाऱ्यावर न्यायची आणि फळीवर उभं राहायला शिकवायची.

किशोरीही कोळ्याचीच मुलगी. बाप काशिराम करंज्याला होडी चालवायचा. होडीत बाईनं पाय ठेवायचा नाही हा घरचा नियम. किशोरी समुद्राला टेकून वाढली, पण समुद्र तिच्या वाट्याला गुडघ्याएवढाच आला. त्याच्या पुढे गेलं की आई काठावरून हाका घालायची. म्हणून पहिल्याच रविवारी निशानं तिला छातीएवढ्या पाण्यात फळीवर पालथं झोपवलं आणि मागून लाटेनं ढकललं, तेव्हा किशोरी एवढ्या जोरात किंचाळली की किनाऱ्यावरची कुत्री भुंकायला लागली.

तेव्हापासून तिला एकच गोष्ट हवी होती. फळीवर उभं राहायचं. एकदाच, पण उभं. बाकीच्या बायका उभ्या राहून, पडून, पुन्हा उभ्या राहून मोकळ्या झाल्या. किशोरी मात्र गुडघ्यावर येऊन अडकायची. मे संपता संपता समुद्र खवळतो आणि बॅच बंद होते. म्हणजे हाताशी रविवार थोडेच उरले होते.

पंजाबी ड्रेस घालून पाण्यात गेलं की ओढणी नसली तरी सलवार पायाला गुंडाळायची. त्यात एकदा जेलीफिश चावला आणि पोटरीवर चाबूक मारल्यासारखा वळ उठला. निशा म्हणाली, "काकी, सूट घ्या. पातळातला पातळ. आपलं पाणी गरम आहे, जाड घेतलात तर आत शिजाल."

"काकी कुणाला म्हणतेस?"

"बरं, ताई. पण घट्ट घ्या. अंगाला चुण्या पडता कामा नयेत. काखेत नाही, पाठीच्या खोलगट भागात नाही. घातल्यावर वाटलं पाहिजे की चुकून लहान मुलीचा घातलाय."

किशोरी पनवेलच्या बाजारात गेली. लाइन आळीतल्या खेळाच्या दुकानात माणसाने तिला आधी फ्रॉकवाला पोहण्याचा ड्रेस दाखवला, मग स्कूटरवर घालायचा रेनकोट. "मॅडम, पाणी अजिबात आत येणार नाही," तो म्हणाला. "मला पाण्यातच जायचंय," किशोरी म्हणाली. त्याने तिच्याकडे असं पाहिलं की ती घाम पुसत बाहेर आली.

मग मोबाइलवर शोधणं आलं. तिथला मापांचा तक्ता कुठल्या देशातल्या बायकांवरून काढला होता कोण जाणे. किशोरीची छाती एका मापात, उंची दुसऱ्यात, आणि कंबरेखालचा भाग तक्त्याच्या बाहेरच. ती दिवसभर दुसऱ्या बायकांची मापं घेणारी बाई. स्वतःला टेप लावून आरशासमोर उभी राहिली तेव्हा तिला हसूही येईना. आणि इथे तिच्या हाताची सवय आडवी आली. ब्लाउज शिवताना शिवणीत माया, म्हणजे जादा कापड, सोडायचीच. बाई सणाला जाडी होते, बाळंतपणात होते, नुसती बसून होते. निशानं घट्ट सांगितलं होतं, पण बोटानं मोठं माप दाबलं.

"मोठाच घे," भावेशही सोफ्यावरून म्हणाला. "एकदा धुतला की आटतोच."

तो आटला नाही. पहिल्याच लाटेला गळ्यातून पाणी शिरलं आणि दोन्ही पाय फुग्यासारखे फुगले. पाणी आत खेळायला लागलं. किशोरीला फळीवर चढताच येईना. निशा आणि आणखी एकीने तिला भिजलेल्या पोत्यासारखी ओढून किनाऱ्यावर आणली. बायका हसून लोळल्या. किशोरीही हसली, पण गाडीत बसल्यावर खिडकीकडे तोंड करून बसली. घातलेला सूट मोबाइलवरचं दुकान परत घेईना. पुढे निशाच्या ओळखीची एक मुलगी परदेशी निघाली, तिने आपला जुना सूट देऊन टाकला. तो किशोरीला बसला. म्हणजे पायात प्लास्टिकची पिशवी घालून पाय सरकवायचा, पिशवी काढायची, इंच इंच वर ओढायचा, नखं लावायची नाहीत, आणि पाठीची चेन भावेशने ओढायची.

"श्वास सोड," तो म्हणायचा.

"सोडलाय."

"अजून सोड."

"अहो, आता जीवच सोडायचा राहिलाय!"

पण बसला. असा बसला की त्यात ती आरशासमोर उभी राहिली आणि खांदे आपोआप मागे गेले.

सासूबाईंना तो पहिल्या दिवसापासून डोळ्यांत खुपला. सोनाबाई सत्तरीच्या पुढच्या. जन्म सुकी मासळी वाळवण्यात आणि पनवेलच्या बाजारात विकण्यात गेलेला. आता कामोठ्याच्या फ्लॅटमध्ये त्यांना वाळवायला काही उरलं नव्हतं, गुडघे गेले होते, तोंड तेवढं शाबूत होतं. त्या सुटाला कातडी म्हणायच्या.

"कातडी घालून चालली काय गो? हातात बांगडी नाय, काय नाय. करंज्याचा काशिराम बगल तर काय म्हनंल?"

"बाबा गेले आई. ते काही म्हणत नाहीत."

"म्हनून तर तुजं फावलंय."

सुटाची बडदास्त मोठी होती. निशानं पढवून ठेवलं होतं: घरी आल्या आल्या गोड्या पाण्यात बुडवायचा, थंड पाण्यात. गरम पाणी नाही, पावडर नाही, मशीन तर नाहीच. पिळायचा नाही. उलटा करून, कमरेत दुमडून दोरीवर टाकायचा. खांद्यावर लटकवला की खांदे ओघळतात. आणि उन्हात कधीच नाही. "ऊन लागलं की रबर म्हातारं होतं," निशा म्हणायची.

यातलं एकही काम त्या घरात सरळ होत नव्हतं. रविवारी दुपारी सोसायटीचं पाणी गेलेलं असायचं. किशोरी सकाळीच एक बादली भरून ठेवायची; परत यायची तेव्हा त्यातून कुणीतरी पाय धुतलेले असायचे. सूट कसाबसा बुडवला की गॅलरीत यायचं, तर आतल्या दोरीवर आठवड्याचे शर्ट. सरळ, ताणून, प्रत्येकाला दोन चिमटे.

"अहो, आज तेवढे बाहेर घालू?"

"विटतील ना."

"हा तर विटून फाटेल."

"अगं, मला ते घालून कामावर जायचंय." भावेश हे ओरडून म्हणत नसे. ओरडला असता तर भांडता आलं असतं. तो टीव्हीकडे बघत, अगदी समजूतदारपणे म्हणायचा. मग सूट बाथरूमच्या दारावर पडायचा. तिथे वारा नाही. चार-चार दिवस तो ओलाच राहायचा, आंबूस वास सुटायचा, आणि आंघोळीला जाणारा प्रत्येक माणूस तो बोटाच्या चिमटीत धरून बाजूला करायचा. पुढच्या रविवारी किशोरी ओला, गार, वास मारणारा सूट अंगावर चढवायची आणि दातांवर दात दाबून म्हणायची, आज उभी राहीन.

मे निम्मा सरला. "पुढचा रविवार शेवटचा," निशानं सांगितलं. "आज तुमचा एक पाय टेकला होता ताई, मी पाहिलं. पुढच्या वेळी होणार."

त्या आठवड्यात किशोरीकडे शिरढोणच्या एका लग्नाचे ब्लाउज होते. सोमवारी ते पोचवायला निघताना तिनं सूट बाथरूममधून काढला, पुन्हा खळबळून घेतला, आणि गॅलरीत जाऊन उभी राहिली. दोरीवर शर्ट. अर्ध्या तासात सुकतील असे, जवळजवळ कोरडे. तिनं ते एकेक करून काढले, आत खुर्चीवर टाकले आणि सूट मधोमध दुमडून घातला. वाऱ्यानं त्याचे पाय हलले. तिला एकदम हलकं वाटलं, जणू घरात आपल्यालाही कुणी खुर्ची दिली.

शिरढोणला नवरीच्या मावशीला बाह्या घट्ट झाल्या. तिथेच बसून उसवून पुन्हा घालून दिल्या. परत यायला संध्याकाळ झाली.

दार सोनाबाईंनी उघडलं. चेहऱ्यावर असं काही होतं जे किशोरीनं पूर्वी पाहिलेलं नव्हतं. म्हातारी खूश होती.

"तुजी कातडी वाळवली," त्या म्हणाल्या. "कडकडीत."

किशोरीला आधी कळलंच नाही. "दोरीवर होती ना, आई?"

"कसली दोरी? पिळा करून बादलीत कोंबलेली. वास सुटलेला, नाक धरवंना. म्हटलं, वल्ली ठेवली का किडं पडतान. लिफ्ट वरपर्यंत जात नाय, तो शेवटचा जिना मी बसून चढले. गच्चीवर टाकीच्या स्लॅबवर पसरली, चार कोपऱ्यांना दगड ठेवलं. वरची बाजू झाली, मंग उलटवली. मांदेलीवानी. दुपारभर तितंच बसले राखन करत. कावळं येतान ना."

सूट सोफ्यावर घडी घालून ठेवला होता. काळेपणा गेलेला, जुन्या छत्रीचा होतो तसा तपकिरी करडा रंग. किशोरीनं बाही वाकवली. वाकताना बारीक आवाज झाला आणि कोपरावर रेघा उमटल्या. उजव्या खांद्याची शिवण उन्हात डिंक सुटल्यासारखी तोंड वासून होती.

"काय गो? वाळला ना?"

किशोरीनं तोंड उघडलं. पुष्कळ काही होतं बोलायला. पण समोर म्हातारी गुडघ्यांना तेल चोळत बसली होती, नाकाचा शेंडा उन्हानं लाल झालेला, आणि एवढ्या वर्षांत सुनेचं काम तिनं न सांगता पहिल्यांदाच केलं होतं. आयुष्यभर ती हेच शिकली होती: ओलं टिकत नाही, ऊन टिकवतं.

"वाळला, आई," किशोरी म्हणाली. आणि आत जाऊन पाण्याचा नळ सोडून उभी राहिली, म्हणजे कुणाला काही ऐकू जायला नको.

मग बादली आठवली. बादलीत कुणी कोंबला?

भावेश आला, बूट काढले, पाणी प्याला. किशोरीनं सूट त्याच्या मांडीवर टाकला.

"दोरीवरून तुम्ही काढलात?"

"दुपारी जेवायला आलो होतो. शर्ट खुर्चीवर पडलेले, दमट. म्हणून घातले पुन्हा." त्यानं सुटाकडे बघितलं. "अरे. हा असा कसा झाला?"

"आईंनी वाळवला."

"मग आईला विचार ना."

"आईंनी चांगल्यासाठी केलं. तुम्ही कशासाठी केलंत?"

"किशोरी, एवढ्याशा गोष्टीवरून... मला काय माहीत? माझे शर्ट होते ते."

तिला वाटलं होतं आपण खूप ओरडू. पण त्या वाक्यावर ओरडण्यासारखं काही नव्हतंच. गुळगुळीत होतं ते, धरायला कुठे कोपराच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो स्वतःहून फेविक्विक घेऊन बसला. जीभ बाहेर काढून, मन लावून त्यानं खांद्याची शिवण चिकटवली आणि "झालं बघ, नवा" म्हणून कामावर गेला. शिवण काचेसारखी कडक झाली होती. किशोरीनं बोट फिरवलं तर चरचरलं. तिनं तिच्या डब्यातल्या सगळ्या सुया पाहिल्या, एक जाड निवडली, आणि पुन्हा डब्यात ठेवली. जेवढी भोकं पाडावीत तेवढं पाणी शिरणार. शिवणाऱ्या बाईनं शिवू नये अशी एकच वस्तू जगात होती आणि ती तिचीच होती.

रविवारी निशानं सूट हातात घेतला, वाकवला, आणि हसली नाही. "ताई, उन्हात टाकलात?"

"मांदेलीसारखा."

"गेला हा. आजच्या दिवस घाला हवं तर. नाहीतर सलवारवर जा."

किशोरीनं घातला. फेविक्विकची कड खांद्याला करवतीसारखी लागत होती, नेमकी त्याच दुखऱ्या खांद्याला. समुद्र आधीच फुगायला लागला होता, पाणी मातकट. पहिल्या लाटेला ती घसरली. दुसरीला गुडघ्यावर आली. तिसरी लाट चांगली आली, गुबगुबीत, लांब. निशा मागून ओरडली, "आत्ता!" किशोरीनं हातांवर जोर दिला, डावा पाय पुढे घेतला, टेकला, उजवा सोडवला, कंबर उचलली, आणि खांद्यावर फटकन आवाज झाला. शिवण मानेपासून काखेपर्यंत उघडली. गार पाणी पाठीवरून खाली कोसळलं आणि सुटाच्या आत भरलं. ती उभी होती की वाकलेली होती, हे तिला नंतरही नीट सांगता आलं नाही. फळी पुढे गेली आणि ती मागे पडली.

वर आल्यावर तिनं निशाकडे पाहिलं. निशानं मान हलवली, हळूच. नाही.

पुन्हा जमलं नाही. सुटात पाणी भरून ती जड झाली होती. बाकीच्या बायका किनाऱ्यावर कलिंगड खात होत्या. "पुढच्या वर्षी किशोरी," त्या म्हणाल्या. "ऑक्टोबर आहेच की." पाठ थोपटणारा प्रत्येक हात तिला नकोसा वाटला. पावसाळाभर मशीनवर वाकायचं, खांदा पुन्हा धरणार, आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा गुडघ्यापासून सुरुवात. तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

घरी आली तर भावेश गॅलरीच्या दाराशी होता. रविवारचे धुतलेले शर्ट आतल्या दोरीवर, दोन-दोन चिमट्यांत. सोनाबाई पलंगावर पाय पसरून.

"राह्यलीस का उबी?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"का?"

"खांद्यात फाटला."

 सुटाची उघडी शिवण सोनाबाईंनी दुरूनच पाहिली. मग म्हणाल्या, "माज्या उन्हानं?"

किशोरीला खोटं बोलायचा कंटाळा आला होता. "हो, आई. त्याला ऊन चालत नाही. सावलीत वाळवायचा असतो."

"मंग सावलीत का नाय टाकलास?"

 किशोरीनं फक्त गॅलरीकडे पाहिलं. सोनाबाईंनीही पाहिलं. निळे शर्ट ओळीनं वाऱ्यावर हलत होते.

किशोरी बाथरूममध्ये गेली. बादली आज भरलेली होती, कुणी पाय धुतले नव्हते. तिनं सूट बुडवला, खळबळला, उलटा केला, पुन्हा बुडवला. फाटलेला होता, तरी आतली वाळू निघेपर्यंत धुतला. पाणी निथळू दिलं. मग गॅलरीत येऊन तिनं शर्टांचे चिमटे काढायला सुरुवात केली.

"अगं, ओले आहेत ते," भावेश म्हणाला.

"दिसतंय."

"आणि हा तर फाटला ना? फाटलेल्याला कशाला सावली?"

"कशाला ते मला माहीत नाही." तिनं ओल्या शर्टांचा गठ्ठा त्याच्या हातात दिला. "पण दोरी आजपासून याची. हा असो, नाहीतर पुढचा असो."

भावेश गठ्ठा घेऊन उभा राहिला. शर्टांचं पाणी त्याच्या पावलांवर ठिबकत होतं. ग्रिलच्या दोऱ्यांकडे त्यानं पाहिलं; त्या चादरींनी भरलेल्या. त्यानं आईकडे पाहिलं, नेहमी पाहायचा तसं.

"आई, तू तरी सांग हिला. मी आता हे कुठे घालू?"

सोनाबाईंनी गुडघ्यावरून पदर सारखा केला.

"गच्चीवर जा," त्या म्हणाल्या. "टाकीच्या स्लॅबवर. मी बसत बसत गेलते, तुला तर पाय हायती."

किशोरीनं सूट कमरेत दुमडला आणि दोरीवर टाकला. एक बाजू खाली लोंबत होती, ती वर ओढून दोन्ही पाय सारखे केले. जिन्यात भावेशच्या चपला वाजत वर चालल्या होत्या, प्रत्येक पायरीला नाराज.

"दगड ठेव म्हनावं त्याला," सोनाबाई म्हणाल्या. "नायतर उडतील."